म्हाताऱ्यांना चालायला शिकवणारी माणसं

आमच्या म्हाताऱ्याला गाव 'रिव्हर्स' म्हणतं. तोंडावर नाही. तोंडावर म्हणायची टाप कुणाची नाही. पण तो जन्मभर उलटा चालत आलाय, त्याला गाव तरी काय करणार?

आम्ही दोर वळतो. मी चाक फिरवतो, म्हातारा चालतो. कमरेला वाखाचा, म्हणजे घायपाताच्या धाग्यांचा, भारा गुंडाळायचा, त्यातले चार धागे काढून चाकाच्या आकड्याला अडकवायचे आणि मागं मागं सरकत जायचं. मी फिरवतोय, तो सरकतोय, त्याच्या बोटांतून वाख सुटतोय, पीळ बसतोय, सूत लांबतंय. मधे मधे खाचेचे खुंट, सूत जमिनीला टेकू नये म्हणून. पार टोकाला गेला की शेवटच्या खुंटाला गाठ मारायची आणि हात वर करायचा. तेव्हा मी थांबायचं. त्याच्या आधी थांबलो तर पीळ उलटतो, सगळं सूत गुंडाळून म्हाताऱ्याच्या अंगावर येतं, आणि मग त्याच्या तोंडून जे निघतं ते ऐकायला झाडावरचे कावळेसुद्धा थांबत नाहीत.

त्याच्या टाचा बघा तुम्ही. माणसाच्या टाचा नाहीत त्या, खुराला जवळच्या. मान डावीकडे वळलेली ती वळलेलीच, मागचं बघून बघून. कमरेला वाखानं घासून पट्टा पडलाय काळा. पण उलट्या पावलांनी हा माणूस घरामागच्या पट्टीवर दिवसभर सरळ रेषेत चालायचा आणि एकदा पडलेला कुणी बघितला नव्हता.

पट्टी म्हणजे आमच्या घराच्या मागून ओढ्यापर्यंत गेलेली मोकळी जागा. एका अंगाला झाडं. दगड, काटा, शेण काही नाही, कारण म्हातारा रोज झाडायचा. जागा गावाची. म्हणजे तिचा कुणाला उपयोग नव्हता तोवर आमची.

सुगी तोंडावर आली होती. पेंढ्या बांधायला, गाडीवर गंजी आवळायला सगळ्या शिवाराला दोर लागतो, तो ह्याच दिवसांत. आमचं वर्ष ह्या दिवसांवर. तालुक्याच्या दुकानात नायलॉन येऊन बसलं होतं, लाल-निळं, पुढाऱ्याच्या पोरासारखं चकाचक. ह्या सुगीला दोर वेळेत दिला नाही तर गिऱ्हाईक तिकडं जाणार, आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत येत नसतं. म्हातारा म्हणायचा, "नायलॉन बैलाची मान कापतं." मी म्हणायचो, "आबा, बैल कुठं दुकानात जातो?"

अशात एके सकाळी जीप आली.

जीपमधून संस्थेची मॅडम उतरली. मागोमाग दवाखान्याचा डॉक्टर. पुढच्या सीटवरून आमचा दूध सोसायटीचा चेअरमन, तो पोट आधी उतरवतो आणि मग स्वतः उतरतो. शेवटी एक दणकट पोरगा, गळ्यात शिट्टी. त्याचं नाव त्यानं सांगितलं होतं, पण गावानं त्याच दिवशी त्याला शिट्टी म्हणायला सुरुवात केली. चौघांची मिळून भागीदारी होती म्हणे. संस्था, दवाखाना, सोसायटी आणि कुठली तरी कंपनी. म्हाताऱ्या माणसांची हालचाल वाढवायची.

आई दारात भिजवलेला वाख मोगरीनं बडवत होती. हात खांद्यापासून उठतोय, धप्प. उठतोय, धप्प.

मॅडम वाकून गोड आवाजात म्हणाली, "आजी, शारीरिक व्यायाम किती करता?"

"काय करते?" धप्प.

"व्यायाम हो. शरीराला हालचाल."

आई हसली. "व्यायाम करायला मी काय पैलवान आहे? कामातनं वेळ कुठाय बाई." धप्प.

मॅडमनं डॉक्टरकडं बघितलं. "शून्य."

मग म्हाताऱ्याकडं गेली. म्हातारा कमरेला भारा बांधून मागं सरकत होता, आणि मॅडम त्याच्याबरोबर सरळ चालत होती, त्याच्या तोंडाकडं तोंड करून. नाच चाललाय असं वाटत होतं.

"बाबा, तुम्ही चालायला जाता का?"

"कुठं?"

"कुठं असं नाही. नुसतंच. सकाळी."

"नुसतंच चालायला मी काय सोडलेला सांड आहे?"

"शून्य," मॅडम म्हणाली. तिचा श्वास जरा फुलला होता. म्हाताऱ्याचा नाही.

शेजारची काकू डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन आली. भारा खाली न उतरवताच उत्तरं दिली. "कसली हालचाल, बसूनच असते मी. गुडघे बघा कसे झालेत." मॅडम पुढं गेल्यावर काकू मला हळूच म्हणाली, "काही मिळणार असेल तर बसून असते म्हटलेलं बरं, नाही का रे?"

अशा रीतीनं आमचं सगळं गाव शून्यावर आलं. रानात राबून पाठीचं धनुष्य झालेले लोक, एकजात सगळे बसून असतात असं ठरलं. चेअरमनला नाही विचारलं. तो केस काळे करतो, त्यामुळं त्याला म्हाताऱ्यात धरत नाहीत. खरं तर खुर्चीतनं उठायला ज्याला दोन्ही हात लागतात असा गावात तो एकटाच.

आता हालचाल करायची तर जागा हवी. सरळ, सावलीची, स्वच्छ. गावभर फिरले. सगळीकडं उकिरडे, गोठे, कुणाचा ओटा पुढं आलेला. अशी जागा गावात एकच होती आणि ती का स्वच्छ आहे हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

यंत्र आलं आणि आमचे खुंट उपटले. म्हातारा कमरेचा भारा न सोडता बघत उभा. चेअरमन जवळ आला, खांद्यावर हात ठेवला. हा माणूस ज्याच्या खांद्यावर हात ठेवतो त्यानं खिसा चाचपावा.

"आबा, तुमच्यासाठीच चाललंय सगळं."

"माझ्यासाठी, तर मला विचारलं का?"

"सर्व्हेत विचारलं की."

"मी चालणार कुठं?"

"इथंच! ट्रॅक होतोय. रोज या, चाला."

"मग खुंट कशाला काढले?"

"ते काम झालं, आबा. हा व्यायाम आहे."

पट्टीवर लाल-पिवळे ब्लॉक बसले. बाक आले. बाकांवर भागीदारांची नावं आली. फाटकाला फलक लागला: ट्रॅकवर वाहने, जनावरे आणि व्यवसाय यांना बंदी. आणि म्हाताऱ्याला सक्त ताकीद. उलटं चालायचं नाही, ते धोक्याचं आहे.

आम्ही चाक घरापुढच्या बोळात मांडलं. दुसरी जागा नव्हती. बोळ मधेच वळतो. सूत वळणावर काकूच्या भिंतीला घासायचं, पोपडे पडायचे, काकू आतनं ओरडायची. कुणाची बकरी मधनं जायची, सूत तिच्या शिंगात. कुणाची मोटरसायकल आली की म्हाताऱ्यानं सूत हातात धरून भिंतीला चिकटून उभं राहायचं, मी चाक धरून ठेवायचं, आणि चालवणारा पोरगा म्हणायचा, "काय आबा, गिअर बदला की." लांब दोर होईना. तुकडे वळायचे आणि तुकड्याला तुकडा जोडायचा, म्हणजे दोरात गाठी.

बायको मला म्हणाली, "अहो, तुम्ही एवढे गावाला टोप्या घालत फिरता, ह्यांना एक घाला की."

"माप घेतोय," मी म्हणालो.

पहिलं गिऱ्हाईक आलं, मळ्यातला जुना माणूस. दोर हातातून सरकवला, गाठीशी थांबला. पुन्हा सरकवला, पुन्हा थांबला. दोर खाली ठेवला, वळायला आणून टाकलेला आपला वाख उचलला.

"आबा, राग नको. पण गंजी ओढताना गाठ अडकली तर गाडी उलथायची." जाता जाता म्हणाला, "दुकानात बघतो."

म्हाताऱ्यानं त्या दिवशी जेवताना भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. आई म्हणाली, "खा." तो म्हणाला, "गाठी आहेत."

दुसऱ्या दिवशी तो पडला. बोळात उलटं चालताना उघडं गटार, पाय आत गेला आणि म्हातारा काळ्या पाण्यात बसला. कमरेचा वाख भिजला. बोळातली चार माणसं हसली. त्यात आपली कोण, परकी कोण, ते मी बघून ठेवलं. नेमका शिट्टी तिथं पोचला. त्यानं म्हाताऱ्याला उठवलं नाही, आधी डॉक्टरला फोन लावला. डॉक्टरनं म्हाताऱ्याला दवाखान्यात नेऊन खुर्चीत बसवलं, सरळ चालायला लावलं. म्हातारा सवयीनं मान मागं वळवून सरळ चालायला गेला आणि टेबलावर आदळला.

"तोल अजिबात नाही," डॉक्टर म्हणाला. "पडण्याचा मोठा धोका. हालचाल नसल्यामुळं होतं असं."

आणि चार पायांची चकचकीत काठी दिली. फुकट. काठीवरसुद्धा भागीदारांची नावं.

घरी येऊन म्हाताऱ्यानं ती काठी कोंबड्यांच्या खुराड्याला टेकू म्हणून लावली. मला म्हणाला, "तू हसू नकोस."

"मी हसत नाही, आबा."

"मग असं तोंड का केलंस?"

"विचार करतोय."

"म्हणजे तेच."

इकडं ट्रॅकवर चिटपाखरू फिरकेना. रानात दिवसभर मोडलेला माणूस संध्याकाळी ब्लॉकवर चालायला कशाला येईल? शिट्टी एकटाच पळायचा, एकटाच शिट्टी मारायचा, एकटाच थांबायचा. आणि उद्घाटनाला मोठे साहेब यायचे ठरले होते. मॅडम घाबरली. तिनं चेअरमनला सांगितलं. चेअरमननं दूध संकलनाच्या खिडकीत उभं राहून सांगितलं, ज्या घरचा म्हातारा ट्रॅकवर येणार नाही त्या घरचं दूध नासकं निघेल.

मग आले. शेणाच्या हातांनी आले, पायाचा चिखल ब्लॉकवर उमटवत आले. काकू तर उभ्या उभ्या डुलक्या घ्यायची. शिट्टी म्हणायचा, "हात वर!" हात अर्धे वर जायचे आणि तिथंच लोंबकळायचे. "टाळ्या वाजवा! मोठ्यानं हसा!" कुणी हसेना. म्हातारे एकमेकांकडं असं बघायचे, जणू चावडीवर चोर म्हणून उभं केलंय.

शिट्टी रडकुंडीला आला. ट्रॅकच्या कडेला मातीत बसला होता, मी शेजारी जाऊन बसलो.

"कसं चाललंय, सर?" त्याला पहिल्यांदाच कुणी सर म्हणालं असावं. पाघळला.

"हातच उचलत नाहीत हो हे लोक."

"रिकाम्या हाताची सवय नाही त्यांना. लाज वाटते. काहीतरी धरायला द्या."

"काय देऊ?"

"मला काय कळतंय? मी अडाणी. पण ते बाहेरच्या देशात उलटं चालायचं काढलंय ना आता, गुडघ्यासाठी? तुम्हाला माहीतच असेल."

माहीत नव्हतं. मोबाईल काढून बघितला. सापडलं. मोबाईलवर सगळं सापडतं, आपण काय शोधतोय तेवढं कुणीतरी कानात सांगावं लागतं. त्याचे डोळे मोठे झाले. "इथं कुणाला येईल का हो उलटं चालायला?"

"विचारून बघतो," मी म्हणालो. "घरी एक आहे. पण तो फार भाव खातो."

मॅडमला कल्पना फार आवडली. आमचं चाक ट्रॅकवर गेलं. आता ते चाक नव्हतं, उपकरण होतं. त्याला पिवळा रंग दिला, भागीदारांचं चिन्ह चिकटवलं. खुंट मात्र नको म्हणाली, ब्लॉक खराब होतात. मी म्हणालो, नको तर नको, खुंटाच्या जागी म्हातारे उभे करू, सूत धरून. हाताचा व्यायाम. मॅडमनं टाळीच वाजवली.

म्हातारा भडकला. "माझ्या कामाचा तमाशा करतोस?"

"तमाशा त्यांचा, काम आपलं. सुगी थांबणार आहे का?"

त्यानं पट्टीकडं बघितलं. मग भारा कमरेला गुंडाळला.

पहिल्याच दिवशी त्यानं सगळ्यांचा उद्धार केला. "ए, खाली धर! ए बोळक्या, तू खुंट आहेस, खुंट हलतो का कधी?" शिट्टी म्हणायचा, "हात डोक्यावर!" म्हातारा म्हणायचा, "डोक्यावर नेलास तर हात तोडीन!" म्हातारे शिट्टीचं ऐकत नव्हते, ह्याचं ऐकायला लागले, कारण शिव्या ओळखीच्या होत्या. पण दोर सरळ निघाला, बिनगाठीचा. मळ्यातला माणूस फाटकाबाहेरनं बघून गेला. दुसऱ्या दिवशी आपला वाख परत आणून टाकला. म्हणाला, "साहेब जाऊ देत. मग ही जागा तुम्हाला राहणार का, ते आधी सांगा."

तिथंच तर घोडं अडलं होतं. मॅडमनं सरळ सांगितलं होतं, हे उद्घाटनापुरतं. नंतर उपकरण संस्थेच्या ऑफिसात, काचेच्या कपाटाशेजारी. आणि उभे राहणारे म्हातारेही किती दिवस टिकणार? काकू म्हणाली, "बाबा, भारा उचलते, पण हे हात पुढं करून उभं राहणं काही खरं नाही. आमचं खांदं गेलं. खुंट रोव की मेल्या."

साहेब आले. मांडव, माईक, खुर्च्या. साहेबांनी भाषण केलं. ज्येष्ठांनी चाललं पाहिजे, चाललं पाहिजे, चाललं पाहिजे. मंचापासून ट्रॅक चार पावलांवर, तिथंही ते गाडीतून आले.

म्हातारा भारा बांधून तयार. दोन्ही अंगाला खुंट बनलेले म्हातारे. मी चाकाशी. साहेबांना फोटो हवा होता. मी दांडा सोडला आणि वाकून म्हणालो, "साहेब, आपल्या हातानं फिरवावं. फार सोपं आहे."

साहेबांनी जाकीट सारखं केलं, दांडा धरला, कॅमेऱ्याकडं बघून हसले आणि फिरवायला लागले. म्हातारा सरकायला लागला. मी बाकावर जाऊन बसलो, पायावर पाय टाकून. भागीदारांच्या बाकावर पहिल्यांदाच बूड टेकलं. गार होता.

फोटो झाला. साहेब म्हणाले, "वा, छान. बास?"

"थांबू नका!" मी ओरडलो. "थांबलात तर पीळ उलटतो. सगळं सूत सुटून येतं, ह्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडावर बसतं. आबा टोकाच्या झाडाला गाठ मारून हात वर करतील, तेव्हाच थांबायचं."

साहेबांनी म्हाताऱ्याकडं बघितलं. म्हातारा ट्रॅकच्या पाव हिश्शातसुद्धा गेला नव्हता. आणि त्याला मी आजवर इतकं हळू चालताना बघितलं नव्हतं.

साहेब फिरवत राहिले. कानामागनं घाम निघाला, कॉलरमध्ये गेला. हसू अजून तोंडावर होतं पण ते कॅमेऱ्यासाठी ठेवलेलं. टीव्हीवाला पोरगा कॅमेरा खाली घेईना. मग साहेबांनी दांडा दुसऱ्या हातात घेतला. "चेअरमन," ते दातांत म्हणाले. "या. भागीदारी करा."

चेअरमननं दांडा धरला. पोट मधे येत होतं, त्यामुळं त्याला वाकडं उभं राहून फिरवावं लागलं. म्हातारा निम्म्यावर येऊन उभा राहिला. सूत ताणून धरलेलं.

"चेअरमन!" तिथनं ओरडला. "उद्यापास्नं खुंट रोवू का हितं?"

"आबा, ते नंतर बोलू!"

"काय?" म्हाताऱ्यानं कानाला हात लावला. एरवी त्याला काकू भिंतीपलीकडं कुजबुजली तरी ऐकू येतं. "ऐकू येत नाही! म्हातारा आहे मी!"

"नंतर! नंतर!"

"काय म्हणताय?" आणि उभाच. एक पाऊल मागं घेईना.

चेअरमनचे रंगवलेले केस कपाळावर काळा ओघळ सोडायला लागले. डॉक्टरनं नाडी बघण्याऐवजी दांडा धरला. चार फेऱ्यांत तोही संपला. शिट्टी पुढं आला तर मी त्याला कोपरापाशी धरलं, "सर, तुम्ही शिट्टी मारा, ताल चुकतोय त्यांचा." मग मॅडम. मॅडमच्या बांगड्या वाजायला लागल्या. खुंट झालेले म्हातारे आधी सुताकडं बघत होते. मग काकू फिसकन हसली. मग तो बिनदाताचा बोळका. मग पार ओढ्यापर्यंत सगळी रांग हसायला लागली, सूत हातात गदगदा हलत होतं. शिट्टी इतके दिवस ज्यासाठी मरत होता ते हसणं हेच.

"खुंट रोवा म्हणा हो!" काकू ओरडली. "आमचे हात मोडले!"

साहेब लाल होऊन चेअरमनला म्हणाले, "अहो, त्यांना काय हवंय ते द्या ना! कॅमेरा चालू आहे!"

"रोवा!" चेअरमन ओरडला. "खुंट रोवा!"

"किती दिवस?" म्हातारा पलीकडनं.

"कायमचे! कायमचे रोवा, आबा, पण चाला आता!"

सगळ्या गावानं ऐकलं. मळ्यातला माणूस फाटकाशी होता, त्यानंही ऐकलं. टीव्हीवाल्यानं तर टिपून घेतलं.

म्हातारा मान डावीकडं वळवून मागं सरकायला लागला, आपल्या रोजच्या चालीनं. तरी ओढा अजून लांब होता. चाकावर आता पुन्हा साहेब होते, जाकीट बाकावर माझ्याशेजारी पडलेलं. फिरवता फिरवता ते मंदावले, सूत जरा ढिलं पडलं, आणि पार टोकाकडनं म्हाताऱ्याचा खणखणीत आवाज आला.

"अरे, कोण आहे रे चाकावर? हात चालव! म्हातारा झालास का?"